अकलूजचा इटालियन द्राक्षमळा आणि आपली डोंगराळ जमीन

महाड व पोलादपूर या तालुक्यांतील आमच्या कांहीं सभासद बंधूंनीं अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आम्हांस विचारला आहे. सोलापूर जिल्ह्यांत इटलीचीं द्राक्षें पिकतात, त्यांची वाइन शेताशेजारींच तयार होऊन मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जाते, आणि यांत शेतकरी घराण्याची जमीन व भागीदारी आहे. मग सावित्रीच्या खोऱ्यांत वरकस म्हणून पडून राहिलेल्या आमच्या जमिनींत तसें कां होऊं नये, असा तो प्रश्न आहे. एका बंधूनें तर रोपांचें दरपत्रक मागवून ठेविलें असून, कर्ज काढण्यापूर्वीं आमचें मत विचारलें आहे. प्रश्न पैशाचा आहे. सबब उत्तर एका ओळींत न उरकतां सविस्तर देणें आम्हांस अवश्य वाटतें.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. मद्यपानाची तरफदारी करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. दारूपायीं सात-बारावरून नांव गेलेलीं घरें आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत व तीं आम्हांस ठाऊक आहेत. परंतु द्राक्षापासून वाइन करणें हा कायद्यानें मान्य झालेला शेतीपूरक धंदा आहे, राज्य सरकारनें २००१ सालीं त्याकरितां स्वतंत्र धोरण आंखलें आहे, आणि धंदा म्हणून त्याचा विचार करण्यास कोणाची हरकत नसावी. पिण्याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा.

आतां मूळ विषयाकडे वळूं. नकाशा उघडून पाहिला तर मौज वाटते. महाड, पोलादपूर व अकलूज हीं तिन्ही गांवें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें अठरा अंशांवर, म्हणजे जवळजवळ एकाच रेषेंत आहेत. महाडाहून अकलूजपर्यंत पांखरू सरळ उडालें तर त्यास पावणेदोनशें किलोमीटरांहून अधिक जावें लागणार नाहीं. परंतु वरंधा घाट चढून भोर, शिरवळ, लोणंद, फलटण, नातेपुतें असा प्रवास करीत जो कोणी माळशिरस तालुक्यांत उतरला असेल, त्यास या प्रवासांत काय बदलतें तें सांगावयास नको. घाटमाथ्यापर्यंत ओली हिरवी झाडी. पुढें वीस-पंचवीस कोसांत माळ, बाभळी आणि मेंढरें. आपल्याकडे वर्षाकांठीं १२० इंचांहून, म्हणजे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अकलूजकडे सरासरीनें वीस-बावीस इंच, आणि वाईट वर्षीं त्याहूनही पुष्कळ कमी. मध्यें सह्याद्रि उभा आहे, एवढाच काय तो फरक. या लेखांत पुढें जें कांहीं सांगावयाचें आहे तें बहुतेक या एका फरकांतूनच निघतें.

अकलूजच्या या मळ्याचें व कारखान्याचें नांव ‘फ्रातेल्ली’ असें आहे. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ किंवा ‘बंधुवर्ग’. तीन घरांतील भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या म्हणून हें नांव पडलें. अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यांतील रणजितसिंह व अर्जुनसिंह, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी, आणि इटलीचे अलेस्सिओ व अंद्रेआ सेच्ची हे ते सहा जण होत. एकाची जमीन व तेथील माणसांची ओळख, दुसऱ्याचें व्यापाराचें ज्ञान, तिसऱ्याचा वाइनच्या देशाशीं संबंध, असा हा मेळ होता. इटलीच्या तस्कनी प्रांतांतील पिएरो मासी नांवाचे वाइनतज्ज्ञ त्यांस येऊन मिळाले. त्यांच्या सर्वांत नामांकित लाल वाइनला ‘सेत्ते’, म्हणजे ‘सात’, हें नांव दिलें तें सहा भाऊ आणि सातवे मासी यांवरून. २००७ च्या सुमारास युरोपांतून सुमारें साडेतीन लक्ष रोपें आणून माळशिरस तालुक्यांतील मोटेवाडी, गारवाड व निमगांव या भागांत दोनशें चाळीस एकरांच्या आसपास लागवड करण्यांत आली, आणि २०१० पासून त्यांची वाइन बाजारांत दिसूं लागली. पुढें २०२४ मध्यें हा उद्योग शेअर बाजारांत नोंदलेल्या कंपनीच्या छत्राखालीं गेला. तेव्हां भावाभावांची भागीदारी हें त्याचें मूळ असलें, तरी आज त्याचा पसारा एका घराच्या खातेवहींत मावणारा राहिलेला नाहीं, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या मळ्यांत सगळ्याच जाती इटलीच्या आहेत असें मात्र नव्हे. काबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, शिराझ, शार्दने, शेनें ब्लां या मूळच्या फ्रान्सच्या जाती तेथें आहेतच. महाराष्ट्रांतील बहुतेक वायनऱ्या त्यांवरच चालतात. खरी इटालियन म्हणून जिला म्हणतां येईल ती जात सांजोवेझे. तिच्याविषयीं जरा विस्तारानें लिहिल्याशिवाय मुद्दा कळणार नाहीं.

इटली हा द्राक्षाच्या बाबतींत आपल्या भातासारखा देश आहे. जसें आपल्याकडे एकेका खोऱ्याचें आपलें भात असे, तसें तेथें एकेका डोंगराचें आपलें द्राक्ष आहे. सरकारी नोंदवहींत वाइनच्या पांचशेंहून अधिक जाती चढल्या आहेत, व त्यांपैकीं बऱ्याचशा आपल्या प्रांताबाहेर कोणी लावीतही नाहीं. उत्तरेकडील पिएमोंते प्रांतांत नेब्बिओलो व बार्बेरा, दक्षिणेकडील सिसिली बेटांत नेरो दाव्होला, आणि मधल्या तस्कनींत सांजोवेझे. या नांवाची व्युत्पत्ति ‘ज्युपिटर देवाचें रक्त’ अशी तिकडचे लोक सांगतात. खरी असो वा नसो, रंग पाहतां शोभते.

तेथील वाइनचीं जुनीं घराणीं पिढ्यान् पिढ्या त्याच टेकडीवर राहत आलेलीं आहेत. तस्कनींतील ब्रोलिओ येथील रिकासोली घराण्याचा त्या जागेशीं संबंध ११४१ सालापासूनचा सांगतात. या घराण्यांतील बेत्तीनो रिकासोली हा एकीकृत इटलीचा दुसरा मुख्य प्रधान झाला. परंतु राजकारण आटोपून तो आपल्या मळ्यावर परतला, आणि तेथें त्यानें वर्षानुवर्षें निरनिराळ्या द्राक्षांचे रस वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून पाहिले. १८७२ सालीं पीसा येथील एका प्राध्यापकास लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपला निष्कर्ष कळविला: सुगंध व जोर सांजोवेझेपासून येतो, कानायोलो नांवाचें दुसरें द्राक्ष तिचा कडकपणा मऊ करतें, आणि लवकर पिण्याची हलकी वाइन हवी असेल तरच माल्वाझिया हें पांढरें द्राक्ष थोडें घालावें. क्यांती नांवानें जगभर प्रसिद्ध असलेल्या वाइनचा पाया तो हाच. मुख्य प्रधानकी भोगलेला माणूस आपल्याच शेतांत मापें घेऊन बसतो, आणि शोध लागल्यावर तो लपवून न ठेवतां लिहून कळवितो, हें आम्हांस त्या वाइनपेक्षांही मोलाचें वाटतें.

सांजोवेझेचा स्वभाव मात्र लहरी आहे. ती उशिरां पिकते. तिच्या मण्याची साल पातळ. त्यामुळें पिकतेवेळीं पाऊस लागला कीं मणी तडकतात व घड सडूं लागतो. तिच्यांत आंबटपणा मूळचाच भरपूर असतो. आणि घड फार येऊं दिले तर रंग व चव दोन्ही पातळ होतात. याकरितां क्यांतीच्या जुन्या, म्हणजे ‘क्लासिको’ म्हटल्या जाणाऱ्या, टापूंत हेक्टरीं साडेसात टनांहून अधिक द्राक्ष घेण्यास कायद्यानेंच बंदी आहे. म्हणजे एकरीं तीन टन झाले! आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाचा चांगला बागाईतदार एकरीं दहा टनांची अपेक्षा धरतो. ज्यास आयुष्यभर ‘उत्पन्न वाढवा’ एवढेंच शिकविलें गेलें आहे, त्यास मुद्दाम घड तोडून खालीं टाकणें किती जड जात असेल याची कल्पना करावी.

आतां अशी ही थंड देशाची वेल अठरा अंशांवर कशी नांदते तें पाहूं. तस्कनींत हिवाळा कडक असतो. पानें झडतात, वेल झोंपी जाते, माळी एकदांच छाटणी करतो, वसंतांत फूट येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तोडणी होते. आपल्याकडे वेलीस झोंप अशी नाहींच. म्हणून महाराष्ट्रांत वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां करावी लागते. पहिली एप्रिलची, जिला खरड छाटणी म्हणतात. तिच्यानंतर नव्या काड्या वाढतात व पक्व होतात, परंतु त्यांचें फळ धरावयाचें नसतें. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी. तिच्यानंतर घड येतात व जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तोडणी चालते. म्हणजे इटलींत जें द्राक्ष शरदांत पिकतें, तें येथें माघ-फाल्गुनांत पिकतें. उशिरां पिकणारी व पातळ सालीची सांजोवेझे अकलूजकडे टिकली याचें एक मोठें कारण हेंच होय. तिला मायदेशीं ज्या पावसाची धास्ती असते, तो पाऊस येथें तोडणीच्या वेळीं सहसा येतच नाहीं. आंकाश कोरडें, दिवसा ऊन, हिवाळ्यांत रात्री थंड. अडचण उलट बाजूनें येते. फेब्रुवारी सरतां सरतां उष्मा इतका झपाट्यानें वाढतो कीं मण्यांत साखर घाईनें भरते, आंबटपणा घाईनें उतरतो, आणि साल व बी मात्र कच्ची राहण्याची भीति असते. म्हणून तोडणीच्या दिवसांत रोज मणी चाखणें व रस तपासणें हेंच मुख्य काम होऊन बसतें.

पाण्याचा प्रश्न निराळा. ज्या भागांत टँकर फिरतात तेथें ठिबकाशिवाय द्राक्ष होत नाहीं, आणि बहुतेक ठिकाणीं वेल स्वतःच्या मुळांवर न लावतां दुसऱ्या कणखर जातीच्या खुंटावर कलम केलेली असते. ही खुंटाची युक्ति एकोणिसाव्या शतकांतली. अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या मुळें खाणाऱ्या किडीनें १८६० नंतर फ्रान्सचे व मागाहून इटलीचे मळे उध्वस्त केले, तेव्हां अमेरिकेच्याच रानटी वेलींचे खुंट घेऊन त्यांवर युरोपांतील जातींचीं कलमें बांधण्यांत आलीं. महाराष्ट्रांत हाच उपाय मुख्यतः पाण्याची टंचाई व खारवट जमीन यांवर कामास आला.

त्याच काळांतील दुसरी एक गोष्ट आपल्या कोंकणी वाचकांस जवळची वाटेल. सुपारीवरील कोळे रोगाकरितां आपण मोरचूद व चुन्याचें जें बोर्डो मिश्रण फवारतों, तें मुळांत द्राक्षाचेंच औषध. फ्रान्सच्या बोर्दो भागांतील कांहीं मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनीं घड तोडूं नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचें ओंगळ पाणी शिंपडीत. केवडा रोगाच्या साथींत नेमक्या त्याच वेली हिरव्या राहिलेल्या मिलार्दे नांवाच्या प्राध्यापकानें पाहिल्या, आणि १८८५ सालीं त्यानें हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांच्या भयानें सांपडलेलें औषध आज आपल्या पोफळींच्या शेंड्यावर आहे.

वाइन होते कशी, हें आतां थोडक्यांत सांगतों. खाण्याचें द्राक्ष व वाइनचें द्राक्ष हीं दोन निराळीं पिकें समजावींत. वाइनचा मणी लहान, बी असलेला, जाड रसाचा. तो फुगविण्याकरितां संजीवकांत बुडवीत नाहींत. रसांतील विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, ब्रिक्स नांवाच्या मापानें मोजतात. लाल वाइनकरितां हें माप २३-२४ च्या आसपास आलें कीं पहांटेच्या गारव्यांत घड तोडून तांबडतोब कारखान्यांत नेतात. तेथें देंठ वेगळे काढून मणी फोडतात व साल-बियांसकट रस पोलादी टाक्यांत भरतात. किण्वामुळें, म्हणजे यीस्टमुळें, साखरेचा मद्यार्क व कर्बवायु होतो. २४ ब्रिक्सच्या रसांतून साधारणतः तेरा-साडेतेरा टक्के मद्यार्काची वाइन निघते. वायूमुळें साली वर तरंगून जाड थर बनतो, तो वरचेवर खालीं दाबावा लागतो, कारण लाल रंग रसांत नसून सालींत असतो. सांजोवेझेचा रस सालीपासून लगेच वेगळा केला तर तो जवळजवळ पांढरा निघतो; अकलूजच्या या मळेवाल्यांनीं काळ्या सांजोवेझेची पांढरी वाइनही केली आहे ती याच युक्तीनें. टाक्यांस थंडावा सतत द्यावा लागतो. रसाचा ताप वाढला कीं सगळी मेहनत वायां जाते, आणि त्या वेळीं वीज गेली तर काय, याचा विचार आधींच करून ठेवावा लागतो. एक टन द्राक्षांतून सहाशें-सातशें लिटर वाइन मिळते. उत्तम लाल वाइन पुढें ओकच्या पिंपांत व बाटल्यांत वर्ष-दीड वर्ष किंवा अधिक काळ पडून राहते. वाचकांनीं हिशेब करावा: लागवडीपासून पहिलें उपयोगी फळ येण्यास दोन-तीन वर्षें, त्यापुढें वाइन मुरण्यास एक-दोन वर्षें, इतका काळ पैसा अडकतो आणि व्याज चालूच असतें.

यापुढील मुद्दा आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. २००१ च्या धोरणानंतर नाशिक, पुणें, सांगली या जिल्ह्यांत वाइनच्या द्राक्षाची मोठी लाट आली. शेकडों शेतकऱ्यांनीं कारखान्यांशीं करार करून वेली लावल्या. २००८ सालीं जगांत मंदी आली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं, आणि पुढील दोन-तीन हंगामांत कित्येक कारखान्यांनीं माल उचलला नाहीं किंवा उचलून पैसे थकविले. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर तें बेदाण्यास जातें, गाड्यावर विकतां येतें, निदान पोरें तरी खातात. वाइनच्या द्राक्षाचें तसें नाहीं. लहान, बियांचा, तुरट मणी बाजारांत कोणी घेत नाहीं. त्या पिकास एकच गिऱ्हाईक असतें. तें फिरलें कीं पीक शेतांतच सुकतें. अनेकांनीं त्या वेळीं भरल्या वेली उपटून टाकल्या, कोणीं त्याच खुंटांवर खाण्याच्या जातींचीं कलमें बांधलीं.

अकलूजच्या मळ्यांत आणि त्या करारदारांच्या मळ्यांत द्राक्षाच्या जातीचा फरक फारसा महत्त्वाचा नव्हता. फरक होता तो मालकीचा. अकलूजला ज्यांची जमीन, त्यांचाच कारखान्यांत वाटा होता. घड कमी ठेवा असें वाइनतज्ज्ञानें सांगितलें तर होणारें नुकसान बाटलीच्या किंमतींत भरून निघणार हें जमीनवाल्यास ठाऊक होतें. करारदार शेतकऱ्यास मात्र वजनावर पैसे; तो घड कां म्हणून तोडील? इटलींतील जुनीं घराणीं टिकलीं त्याचेंही एक कारण हेंच, कीं मळा, तळघर आणि बाटलीवरील नांव हीं तिन्ही एका कुटुंबाचीं असतात. एक साल वाईट गेलें तर दुसऱ्या सालच्या पिंपावर तें तगून राहतें. तेव्हां ‘इटालियन द्राक्ष लावूं कां’ असें विचारण्यापूर्वीं ‘कारखाना कोणाचा’ असें विचारावें.

आतां आपल्या दोन तालुक्यांविषयीं. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं महाड-पोलादपुरांत व्यापारी प्रमाणावर द्राक्ष लावूं नये. कारण नुसतें ‘पाऊस फार’ एवढेंच सांगून भागणार नाहीं, कारण सभासद बंधु म्हणतात कीं तोडणी तर कोरड्या दिवसांत होते, मग पावसाचें भय कशाला? भय आहे तें घडाच्या जन्माचें. पुढील वर्षीं जो घड दिसावयाचा, त्याचा सूक्ष्म आकार खरड छाटणीनंतर साधारणतः चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान काडीवरील डोळ्यांत ठरतो, आणि त्या दिवसांत भरपूर ऊन लागतें. एप्रिलच्या मध्यावर छाटलें तर हे दिवस मेच्या अखेरीस सुरू होऊन जूनमध्यावर संपतात. तेव्हां आपल्याकडे सह्याद्रीच्या पोटाशीं ढग दाटून आलेले असतात. ऊन न मिळालेल्या डोळ्यांतून घडाऐवजीं नुसता बाळीसारखा ताणा निघतो. कोणी म्हणेल, खरड छाटणी फेब्रुवारींतच उरकूं. पण मग गोडी छाटणीचें फळ तोडावयाचें केव्हां? ती ऑगस्टांत न्यावी तर मुसळधार पावसांत कोंवळी फूट टिकत नाहीं. दोन्हीकडून कोंडी होते. शिवाय जून ते सप्टेंबर पानें शाबूत राहून काडी पक्व झाली पाहिजे. चार महिने ओल्या राहणाऱ्या पानांवर केवडा व करपा यांचें राज्य असतें, आणि सकाळीं मारलेलें औषध दुपारच्या सरीनें धुवून जातें. पाऊस सरल्यावर खोऱ्यांतील धुकें व दंव फुलोऱ्याच्या वेळेसच येतें. घरापुढें हौसेनें लावलेली एखादी वेल मांडवावर चढेल, चार घडही देईल. परंतु अंगणांतील वेलीवरून एकराचा अंदाज बांधूं नये.

उताराच्या जमिनीविषयींही सावध करावेंसें वाटतें. मांडवाकरितां खांब रोवणें, उतार कापून सपाट पट्टे पाडणें, वरची झाडी काढणें हीं कामें आपल्या डोंगरांत जपून करावयाचीं आहेत. २०२१ च्या जुलैंत महाड तालुक्यांतील तळिये गांवीं दरड कोसळून वस्तीच्या वस्ती गाडली गेली, पोलादपूर तालुक्यांतही त्याच पावसांत माणसें दगावलीं. तें कोणी विसरलें नसेल. तेथें दरड कां सुटली त्याचीं कारणें भूगर्भशास्त्रज्ञांनीं सांगावींत. पण ज्या उतारावर मुरूम सैल आहे व पाझर फुटतात, तेथें यंत्र लावून जमीन उघडी करण्याचा सल्ला आम्ही कोणासही देणार नाहीं.

मग आपल्यापाशीं आहे काय? अकलूजकरांस दुसऱ्याच्या डोंगरावरची जात समुद्रापलीकडून आणावी लागली. आपल्या डोंगरावरच्या जाती आपण विसरलों आहों. वैशाख-ज्येष्ठांत महामार्गावर व आंबेनळी घाटाच्या वळणांवर आपल्या भगिनी पानांच्या द्रोणांत करवंदें व जांभळें घेऊन उभ्या असतात. सायंकाळपर्यंत न विकलेला माल टाकून द्यावा लागतो, कारण जांभूळ दुसरा दिवस काढीत नाहीं. नासाडी होणारें हें फळ म्हणजेच प्रक्रियेचा कच्चा माल. जांभळाची वाइन होते, करवंदाचीही होते. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांत फळांच्या वाइनसंबंधीं संशोधन झालें आहे. जांभळाच्या रसांत द्राक्षाइतकी साखर नसते, म्हणून ती वरून घालावी लागते, आणि तुरटपणा आवरावा लागतो. बाकीचें शास्त्र वर सांगितलें तेंच. मात्र येथें कायद्याची आठवण करून देणें भाग आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं परवान्याशिवाय कोणतीही मादक पेयें करणें हा गुन्हा आहे. घरीं ‘थोडी करून पाहिली’ हें सबब म्हणून चालत नाहीं. परवाना, पोलादी टाक्या, थंड ठेवण्याची सोय, तज्ज्ञाचा पगार हीं सर्व एका घराच्या आंवाक्याबाहेरचीं आहेत. म्हणून आमची सूचना अशी, कीं पहिलें पाऊल वाइनचें नसावें. जांभळाचा रस व सिरप, कोकमाचें आगळ, करवंदाचें लोणचें व जॅम यांना मद्याचा परवाना लागत नाहीं, अन्नपदार्थांचा परवाना पुरतो, आणि चूक झाली तर घर बुडत नाहीं.

लागवडीबाबत म्हणाल तर जातींची निवड आजही करतां येते. विद्यापीठानें जांभळाची ‘कोंकण बहाडोली’ ही मोठ्या फळाची जात निवडली आहे. पालघर जिल्ह्यांतील ज्या बहाडोली गांवचें तें नांव, तेथील जांभळास २०२३ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. कोकमाची ‘कोंकण अमृता’ पाऊस पडण्यापूर्वीं तोडणीस येते, आणि जूनच्या पहिल्या सरींत अर्धें कोकम जमिनीवर कुजतांना पाहिलेल्या माणसास या एका गुणाची किंमत कळेल. हीं झाडें उतारास धरून ठेवतात, त्यांना मांडव लागत नाहीं, तीन-चार वर्षें जपून वाढविल्यावर उन्हाळ्यांत पाणीही फारसें मागत नाहींत. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत, जेथें फाल्गुनापासून हंडे घेऊन विहिरीवर रांगा लागतात, तेथें हा मुद्दा लहान नव्हे.

भागीदारीचें काय, असें विचारतील. आपल्या बहुतेक घरांत एक भाऊ गांवीं व एक मुंबईस असतो. मुंबईचा भाऊ गणपतीस व शिमग्यास येतो, घराचें छप्पर शाकारण्यापुरते पैसे पाठवितो, आणि शेतीचा विचार निघाला कीं ती विकण्याच्या गोष्टी करतो. अकलूजच्या उद्योगांत जमीन एकाची, बाजार दुसऱ्याचा आणि तंत्र तिसऱ्याचें होतें. आपल्या घरांतच पहिल्या दोन वस्तु आहेत. मुंबईच्या भावानें दुकानांत, सोसायटींत, कचेरींत पन्नास बाटल्या खपविण्याची हमी घेतली, आणि गांवच्या भावानें फळ वेळेवर उतरवून स्वच्छ रस काढला, तर कर्जाशिवाय एक हंगाम पाहतां येईल. हिशेब मात्र दोघांच्याही वहींत लिहिलेला असावा. भावाभावांत हिशेब कशाला, असें म्हणून सुरू झालेल्या भागीदाऱ्या कोर्टांत संपतात असा आमचा अनुभव आहे.

ज्या बंधूनें रोपांचें दरपत्रक पाठविलें आहे त्यांस आम्ही तें परत करीत आहों व कर्ज न काढण्याचा सल्ला देत आहों. त्यांच्या पत्रांत बांधावर जुनीं जांभळाचीं सात झाडें असल्याचा उल्लेख ओघानें आला आहे. त्यांनीं, व ज्या ज्या सभासदांकडे अशीं झाडें असतील त्या सर्वांनीं, येत्या हंगामांत प्रत्येक झाडाचें फळ कोणत्या तारखेस पिकलें, किती किलो उतरलें, किती विकलें व किती टाकावें लागलें, याची नोंद ठेवून ती आमच्याकडे धाडावी. झाडास आंकडा द्यावा, म्हणजे घोटाळा होणार नाहीं. आलेल्या नोंदी आषाढाच्या अंकांत गांववार छापण्यांत येतील.